भेगा बुजवल्या, रंग मारला, तरी रेडॉनचं रीडिंग परत वर येतंय? आधी तो काँक्रीटमधला आहे की काँक्रीटखालचा ते शोधा

तक्रार जवळजवळ दर वेळी सारखीच असते. तळघरात किंवा तळमजल्यावर रेडॉन, म्हणजे खडक-मातीतून निघणारा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा किरणोत्सर्गी वायू, मोजायचा मीटर लावला, रीडिंग घनमीटरला २५०-३०० बेक्वेरेल आलं (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं), घाबरून लगेच भेगा बुजवल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून भिंतींना इपॉक्सी मारलं, आठ-पंधरा दिवस आकडा खाली, सगळे निर्धास्त, आणि मग थंडी पडली किंवा मोठा पाऊस झाला की आकडा परत होता तिथे, कधी त्याच्याही वर. मग मीटरच बिघडलाय म्हणून दुसरा मीटर, मग दुसऱ्या कंपनीचा सीलंट, मग अजून एक कोट, आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

यात बहुतेक वेळा एकच गोष्ट राहून गेलेली असते. गॅस काँक्रीटमध्येच तयार होतोय की खालच्या मातीतून काँक्रीट ओलांडून येतोय हे कुणी तपासलेलंच नसतं, आणि या दोन्हींचे उपाय नुसते वेगळे नाहीत, काही बाबतीत चक्क उलटे आहेत, म्हणजे एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष. मला यात खरंच वाईट याचं वाटतं की लोक मेहनत भरपूर करतात, खर्च करतात, पण चुकीच्या जागी, आणि तोपर्यंत घरातली माणसं तीच हवा घेत असतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, आधी आत काय चालतं ते, मग शोधायचं कसं ते.

काँक्रीटमध्ये रेडॉन येतो कुठून

खडी, वाळू, सिमेंट, फ्लाय अॅश (कोळसा जाळल्यावर उरणारी बारीक राख), सगळं शेवटी खडकातून आलेलं, आणि खडक म्हटलं की थोडंफार युरेनियम असतंच. युरेनियम-२३८ टप्प्याटप्प्याने बदलत रेडियम-२२६ होतं आणि रेडियम-२२६ पासून रेडॉन-२२२. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, १६०० वर्षं आहे, त्यामुळे "इमारत जुनी झाली की आपोआप कमी होईल" ही आशा सोडून द्या, आपल्या हयातीत तर काहीच फरक पडत नाही. याउलट रेडॉनचं स्वतःचं अर्धायुष्य ३.८ दिवस. हे ३.८ दिवस लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच फिरतं.

साध्या काँक्रीटमध्ये रेडियम किती असतं, तर किलोमागे साधारण ४० बेक्वेरेल हा नेहमीचा सरासरी आकडा आहे. एक घनमीटर काँक्रीट म्हणजे सुमारे २३०० किलो, म्हणजे त्यात ९२,००० बेक्वेरेल रेडियम, म्हणजेच दर सेकंदाला रेडॉनचे ९२ हजार अणू नव्याने तयार होतायत. ऐकायला भयंकर वाटतं, पण यातले बहुतेक अणू बाहेर येतच नाहीत, आणि का येत नाहीत हे कळलं की अर्धा प्रश्न सुटतो.

रेडियमचा अणू फुटताना अल्फा कण एका दिशेला जातो आणि उरलेला अणू, जो आता रेडॉन झालेला असतो, तो धक्क्याने उलट दिशेला फेकला जातो. पण घट्ट खनिजाच्या आत हा धक्का त्याला फार लांब नेत नाही, २० ते ७० नॅनोमीटर, बस. म्हणजे रेडियमचा अणू कणाच्या अगदी पृष्ठभागाजवळ, एखाद्या छिद्राच्या काठावर बसलेला असेल तरच त्यातून निघालेला रेडॉन छिद्रातल्या हवेत येऊ शकतो. खडीच्या पोटात जे तयार होतात ते तिथेच अडकतात आणि तिथेच संपतात. छिद्रात पोचणाऱ्या अणूंचं प्रमाण काँक्रीटमध्ये साधारण १० टक्क्यांच्या आसपास असतं, कधी ५, कधी २०-३०. म्हणून नुसता रेडियमचा आकडा बघून काही कळत नाही. फ्लाय अॅशचंच घ्या, तिच्यात रेडियम बऱ्याचदा सिमेंटपेक्षा जास्त असतं, पण तिचे कण भट्टीत वितळून काचेसारखे गोळे झालेले असतात आणि त्यातून रेडॉन सहज सुटत नाही, त्यामुळे फ्लाय अॅश घातली म्हणजे घरात रेडॉन वाढलाच असं सरळ गणित मांडता येत नाही.

आता ओलाव्याचा भाग, आणि हा बहुतेकांना माहीतच नसतो. छिद्र कोरडं असेल तर धक्क्याने सुटलेला अणू छिद्रातली हवा आरपार ओलांडतो आणि समोरच्या कणात जाऊन रुततो, कारण हवेत तो पन्नास-साठ मायक्रोमीटर जाऊ शकतो आणि काँक्रीटची बहुतेक छिद्रं त्याहून कितीतरी लहान असतात. पण छिद्राच्या कडेला पाण्याचा पातळ थर असला तर अणू त्या पाण्यात थांबतो, आणि मग तिथून निघून हवेत येतो. म्हणजे थोडा दमटपणा आला की बाहेर पडणारा रेडॉन वाढतो. मात्र सगळी छिद्रं पाण्याने गच्च भरली की उलटा परिणाम, कारण पाण्यातून रेडॉन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो आणि वाटेतच संपून जातो. म्हणजे पूर्ण कोरडं काँक्रीट कमी देतं, पूर्ण भिजलेलं पण कमी देतं, आणि मधलं, दमट, सगळ्यात जास्त. तुमच्या भिंतीचं रीडिंग ऋतूप्रमाणे हलतं त्यामागे हे एक कारण. नवीन बांधकामात पण हेच, काँक्रीट महिनोनमहिने वाळत असतं, त्यामुळे नव्या घराचं पहिलं रीडिंग हे शेवटचं समजू नका.

आता हलतो कसा

दोन रस्ते आहेत. एक, छिद्राछिद्रातून आपोआप पसरत, जास्त प्रमाण तिथून कमी प्रमाण तिकडे, याला डिफ्युजन म्हणतात. दुसरा, दाबाच्या फरकाने ओढला जाऊन, भेगा, जॉइंट, पाईपच्या बाजूची फट वगैरेमधून. लोक पहिल्याला घाबरतात आणि बहुतेकदा त्रास दुसऱ्याचा असतो.

चांगल्या काँक्रीटमधून डिफ्युजन फार हळू होतं. १० सेंटीमीटर सरकायला रेडॉनला दोन-तीन दिवसांच्या घरातला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्याचा बराच भाग संपलेला असतो, अर्धायुष्य ३.८ दिवस आठवा. म्हणूनच खूप जाड भिंतीच्या मधोमध तयार झालेला रेडॉन खोलीत फारसा येत नाही, पृष्ठभागापासूनचा १०-२० सेंटीमीटरचा थरच काय तो कामाचा.

कागदावर एकदा मांडून बघूया, कारण याने डोकं स्वच्छ होतं. समजा १०० चौरस मीटरचा, १० सेंटीमीटर जाडीचा, एकही भेग नसलेला तळाचा स्लॅब आहे आणि त्याखालच्या मातीतल्या हवेत घनमीटरला ३०,००० बेक्वेरेल रेडॉन आहे, मातीत इतका असणं काही विशेष नाही. नेहमीच्या बऱ्या काँक्रीटचे आकडे धरले तर स्लॅबमधून डिफ्युजनने तासाला जेमतेम ३०० बेक्वेरेल वर येतात. घराचं आकारमान २५० घनमीटर आणि दोन तासांत एकदा हवा पूर्ण बदलते असं धरलं तर या ३०० ने घरातला आकडा वाढतो फक्त २-३ ने. आता त्याच स्लॅबच्या कडेने, भिंत आणि फरशी मिळते तिथे, बारीक फट आहे आणि तिथून मिनिटाला १० लिटर मातीतली हवा आत ओढली जातेय असं धरा. १० लिटर म्हणजे घरात येणाऱ्या एकूण हवेच्या अर्धा टक्का पण नाही. त्याने घरातला आकडा वाढतो सुमारे १४५ ने. तोच स्लॅब, तीच माती, आणि ६० पट फरक, नुसत्या एका फटीने.

ही ओढ लागते कशाने तर आतबाहेरच्या तापमानाने. आत गरम बाहेर थंड असलं की गरम हवा वरच्या खिडक्या-फटींतून निघून जाते आणि तळाशी हवा कमी दाबाची राहते, ती भरून काढायला खालून हवा ओढली जाते. फरक केवढा, तर एक-दोन ते चार-पाच पास्कल, कानाला हाताला काही जाणवत नाही इतका. पण मातीतली हवा ओढायला तेवढा पुरतो, दिवसरात्र चालू असतो आणि थंडीत सगळ्यात जास्त. एक्झॉस्ट फॅन, किचनची चिमणी, कपडे वाळवायचं मशीन हे सगळे त्यात भर घालतात. जोराचा पाऊस पडला की बाहेरची माती वरून भिजून बंद होते आणि तिच्यातल्या हवेला घराखालची कोरडी जागाच मोकळी उरते, शिवाय पावसाआधी हवेचा दाब उतरलेला असतो, त्यामुळे मोठ्या पावसात रीडिंग उसळी मारतं ते बहुतेक यामुळे. गोठलेल्या जमिनीचं पण तसंच.

काँक्रीट स्वतःच दोषी असतं तेव्हा

असं होतं का? होतं, पण कमी वेळा, आणि आकडे बहुधा मध्यम असतात. ३ बाय ४ मीटरची, २.८ मीटर उंच खोली घ्या, सहाही बाजूंना काँक्रीट. आतली काँक्रीटची बाजू धरली तर ६३ चौरस मीटर, खोलीतली हवा साडेतेहतीस घनमीटर. २० सेंटीमीटर जाडीच्या साध्या काँक्रीटमधून चौरस मीटरला तासाला साधारण ५ बेक्वेरेल निघतात, म्हणजे तासाला ३१५. दोन तासांत एकदा हवा बदलत असेल तर खोलीत यातून सुमारे १९ बेक्वेरेल होतात, काहीच नाही. पण खिडक्या घट्ट बसवल्या, फटी बंद केल्या आणि हवा बदलायला दहा तास लागायला लागले, तर त्याच भिंती त्याच खोलीत ८५-९० करून दाखवतात. भिंत बदलली नाही, हवा बदलायची थांबली. नव्या हवाबंद खिडक्या बसवल्यानंतर रीडिंग का चढलं असं जे विचारतात त्यांना बऱ्याचदा हेच उत्तर लागू पडतं.

खरोखर जास्त रेडियमचं काँक्रीट पण जगात वापरलं गेलंय. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण स्वीडनचं, तिथे १९२९ ते १९७५ या काळात अॅलम शेल नावाच्या युरेनियमयुक्त दगडापासून हलकं, निळसर काँक्रीट बनवत आणि ते हजारो घरांत गेलं, त्यात रेडियम साध्या काँक्रीटच्या कितीतरी पट, किलोमागे हजाराच्या वर बेक्वेरेल सापडतं. अशा घरात भिंतच उगम असते. फॉस्फोजिप्समच्या बाबतीत पण लक्ष ठेवावं लागतं, ते खत कारखान्यात उरतं आणि काही ठिकाणी त्याचे बोर्ड बनतात.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण यात लोक फसतात. मटेरियलच्या सर्टिफिकेटवर कधी कधी एक इंडेक्स असतो, रेडियम भागिले ३००, अधिक थोरियम भागिले २००, अधिक पोटॅशियम भागिले ३०००, आणि बेरीज १ च्या खाली हवी. सरासरी काँक्रीटचा हा इंडेक्स ०.४ च्या आसपास येतो. पण हा इंडेक्स गॅमा किरणांसाठी, म्हणजे मटेरियलमधून थेट बाहेर पडणाऱ्या किरणांसाठी आहे, रेडॉन वायूसाठी नाही. त्यातून रेडॉन किती सुटेल हे छिद्रं, ओलावा, कणांचा प्रकार यावर ठरतं, ते या बेरजेत कुठेच नाही.

शोधायचं कसं

पहिली आणि फुकटची परीक्षा म्हणजे मजले. तळमजल्यावर ३०० आणि वरच्या मजल्यावर ६० असेल तर उगम खाली जमिनीत आहे, यात फार डोकं लावायची गरज नाही. वर-खाली सगळीकडे जवळपास सारखंच, अगदी पाचव्या मजल्यावर सुद्धा, तर भिंती-स्लॅबवर संशय घ्या. बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही एक बारीक कारण असू शकतं, पण पाण्यातल्या दहा हजारामागे हवेत साधारण एक असं गणित असतं, त्यामुळे पाण्यात बराच जास्त असेल तरच ते दिसतं.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते कारण ती सरळ उत्तर देते. दारं खिडक्या बंद करून दोन दिवस रीडिंग घ्या. मग तशाच बंद स्थितीत एक एक्झॉस्ट फॅन सतत चालू ठेवून पुन्हा दोन दिवस घ्या, हवामान साधारण सारखं असेल असे दिवस निवडा आणि घरात गॅस गीझर किंवा शेगडी असेल तर या काळात ती पेटवू नका, फॅनने तिचा धूर उलट आत ओढला जाऊ शकतो. फॅन चालू असताना आकडा वाढला तर गॅस जमिनीतून येतोय, कारण फॅनने आतला दाब उतरला आणि खालून ओढ वाढली. आकडा खाली आला तर उगम बहुधा भिंतींत आहे, कारण भिंतीतून येणाऱ्या गॅसला दाबाशी फारसं देणंघेणं नसतं आणि फॅनने हवा तेवढी बदलली. एकच फॅन, दोन उलटी उत्तरं, आणि नेमका याचमुळे "बाथरूमचा फॅन चालू ठेवा" हा सल्ला एका घरात लागू पडतो आणि शेजारच्या घरात नुकसान करतो.

तिसरी जरा हात घाण करायची. एक मोठं पत्र्याचं किंवा जाड प्लास्टिकचं भांडं घ्या, दहा लिटरचं आणि तोंड साधारण २५ सेंटीमीटर व्यासाचं असलं की झालं. त्यात चालू मीटर ठेवायचा, भांडं उलटं करून साध्या, भेग नसलेल्या काँक्रीटवर ठेवायचं आणि कडेला पुट्टी किंवा मऊ माती नीट दाबून हवाबंद करायचं. टाईल्सवर ठेवू नका, उघडं काँक्रीट किंवा निदान प्लास्टर हवं. मीटर असा हवा की जो तासागणिक नोंद ठेवतो, फक्त सरासरी दाखवणारा इथे उपयोगाचा नाही. साधं काँक्रीट असेल तर भांड्यातला आकडा तासाला २०-२५ ने चढत जातो, बारा तासांत ३०० च्या आसपास. तो तासाला शंभरच्या वर चढत असेल तर ते काँक्रीट खरंच जास्त देतंय. मग तेच भांडं भेगेवर, फरशी-भिंतीच्या जॉइंटवर, पाईपच्या बगलेत लावा. तिथे आकडा तासाभरात हजारांत गेला तर तुमचा चोर सापडला. भांड्यातला आकडा चढून चढून शेवटी एका पातळीला थांबतो, ती पातळी बघून घाबरू नका, कामाचा असतो तो सुरुवातीचा चढ.

भेगा शोधायला थंडीच्या दिवशी, घर आत गरम असताना, उदबत्तीचा धूर जॉइंटजवळ धरा. धूर फटीपासून आत खोलीच्या दिशेने ढकलला जात असेल तर तिथून हवा येतेय. संशयाच्या जागा ठरलेल्या असतात: फरशी-भिंतीचा पूर्ण घेर, ड्रेनची जाळी, पंपाचा खड्डा, पाईप आणि केबलची भोकं, टबखालचा न भरलेला खड्डा, आणि पोकळ ब्लॉकची भिंत. ही पोकळ ब्लॉकची भिंत फार फसवते, बाहेरून प्लास्टर छान असतं पण ब्लॉकच्या आतली पोकळी पायापासून वरपर्यंत चिमणीसारखी मोकळी असते आणि सगळ्यात वरच्या थरातून किंवा स्विचबोर्डाच्या खाचेतून गॅस बाहेर पडतो.

आता परत परत का येतं

जमिनीतून येत असेल तर नुसतं बुजवणं जवळजवळ कधीच पुरत नाही. वर बघितलं तसं मिनिटाला काही लिटर हवा पुरते, म्हणजे दहा फटी असतील आणि तुम्ही आठ बुजवल्या तर ओढ तीच राहते आणि गॅस उरलेल्या दोनमधून येतो. त्यातून सीलंट आकसतो, स्लॅब ऋतूप्रमाणे हलतो, भिंत-फरशीचा जॉइंट तर हलण्यासाठीच असतो, मग वर्षभरात केसाएवढी फट उघडते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लोक बुजवतात उन्हाळ्यात, जेव्हा खिडक्या उघड्या असतात आणि आतबाहेर तापमान सारखं असतं. आकडा उतरतो तो ऋतूमुळे, श्रेय मिळतं सीलंटला, आणि थंडीत सगळं उघडं पडतं.

उपाय हा की ओढ उलटी करायची. स्लॅबला साधारण १०० मिलिमीटरचं भोक पाडून खालची थोडी माती-खडी काढून खड्डा करायचा, त्यात पीव्हीसी पाईप बसवून तो छताच्या वर नेऊन सोडायचा आणि वाटेत सतत चालणारा फॅन लावायचा, मग स्लॅबखालचा दाब घरातल्या दाबापेक्षा कमी होतो आणि हवा घरातून खाली जाते, खालून वर येत नाही. इथे भेगा बुजवणं खरं उपयोगी पडतं, कारण फॅनने घरातली हवा वाया ओढू नये. फॅन राहत्या भागाच्या बाहेर हवा, पाईपचं तोंड खिडक्यांपासून लांब हवं. काम करणाऱ्याला एक आग्रह धरा: लांबच्या कोपऱ्यांत स्लॅबला बारीक भोकं पाडून तिथला दाब मोजून दाखव. पाईपजवळ दाब उतरलाय आणि पलीकडच्या खोलीखाली शून्य आहे असं फार वेळा होतं, मध्ये पायाची भिंत आडवी येते, आणि मग निम्मं घर तसंच राहतं. नवीन बांधत असाल तर स्लॅबखाली खडीचा थर आणि त्यावर जाड पॉलिथिन, जोडांवर नीट चढवून, आणि एक पाईप आधीच घालून ठेवा, नंतर फोडण्यापेक्षा हे शंभर पटींनी सोपं.

सिस्टीम बसवूनही आकडा परत आला तर आधी पाईपवरची, आतली ओढ दाखवणारी यू आकाराची पाण्याची नळी बघा. दोन्ही बाजूंचं पाणी समान पातळीत आलंय म्हणजे फॅन बंद पडलाय किंवा पाईप कुठेतरी उघडलाय. पाणी नेहमीपेक्षा जास्त फरक दाखवत असेल तर पाईप तुंबलाय, आत बाष्पाचं पाणी साठलंय किंवा स्लॅबखाली पाणी भरलंय. पंपाच्या खड्ड्याचं झाकण कुणी साफसफाईला उघडून तसंच ठेवलेलं असतं, हेही फार वेळा सापडतं. आणि ज्या घरात गॅस गीझर किंवा शेगडीचा धूर चिमणीने जातो तिथे फॅन बसवल्यावर तो धूर उलटा आत येत नाही ना हे तपासल्याशिवाय राहू नका, कार्बन मोनॉक्साईड काही तासांत माणूस नेतो, हा मुद्दा मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

काँक्रीटच उगम असेल तर स्लॅबखालचा फॅन काहीही करणार नाही. तिथे हवा बदलणं हाच मुख्य उपाय, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी ठेवणारी यंत्रणा, थंड हवामानात उष्णता वाचवणारी. रंगाबद्दल सांगायचं तर साधा रंग रेडॉनला जवळजवळ अडवतच नाही. इपॉक्सीचे दोन-तीन जाड, सलग कोट अडवतात, पण सलग म्हणजे खरंच सलग, स्विचबोर्डाची खाच, खिळ्याचं भोक, छताचा कोपरा सगळं धरून, कारण आत अडलेला रेडॉन जिथे वाट मिळेल तिथून निघतो, पलीकडच्या खोलीत सुद्धा. आणि गॅमा किरणं रंगाने कमी होत नाहीत.

मीटरचे गोंधळ

एका तासाचं रीडिंग घेऊन निर्णय घेऊ नका. किरणोत्सर्ग मोजणं म्हणजे शेवटी टिकटिक मोजणं, तासात १० मोजल्या गेल्या तर त्यात ३ इकडेतिकडे हे निसर्गाचंच आहे, त्यामुळे छोट्या मीटरवर शंभरचे दीडशे आणि दीडशेचे ऐंशी असं होतच राहतं. पहाटे जास्त आणि दुपारी कमी हे पण नेहमीचं. किमान आठवडाभराची सरासरी बघा, आणि खरा निर्णय तीन महिन्यांच्या किंवा वर्षाच्या मोजणीवर, त्यासाठी सीआर-३९ किंवा एलआर-११५ फिल्मचे, म्हणजे अल्फा कणांच्या खुणा उमटणाऱ्या प्लास्टिकचे डिटेक्टर मिळतात, त्यांना वीज पण लागत नाही.

मीटर भिंतीला चिकटवून ठेवू नका. थोरियमपासून थोरॉन नावाचा रेडॉनचाच भाऊ तयार होतो, त्याचं अर्धायुष्य ५६ सेकंद, त्यामुळे तो भिंतीपासून फार लांब जाऊच शकत नाही, पण भिंतीला टेकलेल्या काही मीटरमध्ये शिरतो आणि आकडा फुगवतो. भिंतीपासून हातभर लांब, श्वासाच्या उंचीवर ठेवा.

एअर प्युरिफायरने रेडॉन कमी होत नाही, तो निष्क्रिय वायू आहे, फिल्टरमधून सरळ निघून जातो. फिल्टर पकडतो ते त्यापासून तयार झालेले पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे धुळीला चिकटलेले अणू. फुप्फुसाला मुख्य इजा तेच करतात हे खरं, पण धूळ काढून टाकली की न चिकटलेल्या मोकळ्या अणूंचं प्रमाण वाढतं आणि ते फुप्फुसात जास्त सहज बसतात, म्हणून प्युरिफायरला उपाय समजू नका.

किती म्हणजे जास्त, तर जागतिक आरोग्य संघटना २००९ पासून घनमीटरला १०० बेक्वेरेल ही पातळी सुचवते आणि तेवढं जमत नसेल तिथे ३०० च्या वर नकोच म्हणते. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए १४८ ला कामाला लागा म्हणते, तिथल्या मीटरवर तो आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर असा दिसतो, म्हणजे ३७ ने गुणायचं. युरोपातल्या घरांवरच्या २००५ च्या एकत्रित अभ्यासात दर १०० बेक्वेरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना मुळातच धोका खूप मोठा असल्याने त्यांच्या बाबतीत हे १६ टक्के फार जड जातात. घरात कुणी ओढत असेल तर दुरुस्तीच्या खटपटीबरोबर ते पण बोला.

दुरुस्ती झाल्यावर एकदा लगेच मोजा आणि एकदा पुढच्या थंडीत, घर बंद असताना. त्यानंतर दर दोन वर्षांनी, आणि खिडक्या बदलल्या, तळघराला फरशी घातली, नवीन बाथरूम काढलं किंवा स्लॅब कुठे फोडला तर दोन वर्षं न थांबता लगेच. रीडिंग विचारायला कुणाकडे जाणार असाल तर सोबत एवढं लिहून न्या: कोणता मजला, मीटर कुठे आणि किती दिवस, खिडक्या उघड्या की बंद, फॅन चालू असतानाचा आणि बंद असतानाचा आकडा, आणि भांड्याच्या परीक्षेत तासाला किती चढला.